सासरेबुवांच्या कॉम्प्युटरमधल्या आठ चिपा

३ मार्च, मंगळवार. सकाळ.
सासरेबुवांचा चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर बंद पडला. लहान घरात राहायला गेले तेव्हा 'जिवापाड जपा' म्हणून आमच्याकडे ठेवला होता. मी फक्त धूळ पुसून चालू करून पाहिला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पंधरा तारखेला ते येणार. हिला लहानपणी पाढे शिकवायला त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम नातीला दाखवायचाय. बारा दिवस आहेत. भरपूर झाले.

४ मार्च.
निदान झालं. मेमरीच्या आठ चिपांपैकी एखादी मेलीय. मेलेली चिप तापते, बोट लावून ओळखायची. सोपं आहे. ही म्हणाली, टीव्हीवाल्या मेकॅनिकला दाखव. म्हटलं, घरात इंजिनिअर असताना? म्हणाली, सिव्हिल.

६ मार्च.
आठही तापतात. चार बोटांना फोड. नव्या आठ मागवल्या. एकेक बदलत जायचं, चालू होईल तिथे थांबायचं. शास्त्रीय पद्धत.

८ मार्च, रविवार.
जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर. माणसं ताटं घेऊन सोफ्यावर. पहिली चिप काढली. तिला धरून ठेवणारा सोल्डरचा डाख नीट वितळेना, म्हणून जरा ओढली. तिच्याबरोबर बोर्डावरची तांब्याची रेघही आली. केसाएवढी. एवढ्याशा रेघेनं काय होतंय.

९ मार्च.
काय होतं ते कळलं. तिथे वायर जोडली. ऑफिसला ताप कळवला. साहेब म्हणाले, शुक्रवारीही ताप होता. म्हटलं, तोच.

११ मार्च. दुपार.
तीन बदलल्या. मुंग्या गेल्या. हिला हाक मारली. ती म्हणाली, मुंग्यांबरोबर बाकीचंही गेलंय. पडदा पूर्ण काळा.
सासरेबुवांचा फोन. कॉम्प्युटर कसा आहे? म्हणालो, मजेत.

१३ मार्च.
आठही बदलल्या. पाचवी उलटी बसली होती, थोडा धूर झाला. तिथे जुनीच परत लावली. नव्याही तापतात. म्हणजे नव्याच खराब पाठवल्या, सगळ्याच्या सगळ्या. लोकांना नीतिमत्ता उरली नाही.

१४ मार्च, शनिवार.
स्क्रू शोधायला टेबलाखाली गेलो आणि तिथेच बसून राहिलो. लेक वाकून म्हणाली, बाबा, माझे सातपर्यंत पाढे पाठ झालेत. कॉम्प्युटर तपासेल ना? वर यायचा धीर होईना.
उद्या खरं सांगायचं. वाक्य तयार आहे. आरशासमोर पाचदा म्हणून पाहिलं. तीनदा जमलं.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ.
आले. झाकण उघडलं. बोर्डावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कुणी केलं हे?"
मी तोंड उघडलं. ही चहा ठेवत म्हणाली, "एका मेकॅनिकला दिला होता, बाबा."
"त्याला हात आहेत की कुदळी?"
मी मान डोलावली. वर मेकॅनिकला चार शब्द मीही सुनावले. जरा जास्तच सुनावले.
मग त्यांनी मीटर मागितला, पॉवरचा डबा तपासला. पाचाच्या जागी साडेसात व्होल्ट. म्हणाले, "डबाच म्हातारा झालाय. जुनी चिप यानेच मारली, नव्याही यानेच. कुणीही चालू केला असता तरी हेच झालं असतं. गाढवानं आधी हे मोजायचं."
म्हणजे मुळात माझी चूक नव्हतीच. हे आता सांगायचं कुणाला?
डबा मिळेल, चिपा मिळतील. पण बोर्डाच्या अकरा रेघा गेल्यात, आता तो चालणार नाही म्हणाले. चष्मा पुसला. मग काळ्या पडद्यासमोर नातीला शेजारी बसवून घेतलं. ती पाढे म्हणत होती, ते दर ओळीला "बरोबर" म्हणत होते.
निघताना विचारलं, "त्या मेकॅनिकचं दुकान कुठे आहे? जाऊन बोलतो त्याच्याशी."
"बंद केलं त्याने," मी म्हणालो.
ही मागून म्हणाली, "कायमचं ना?"
हो म्हणालो.