सोलांजबाईंची बशी

ओरियाक, १४ ऑक्टोबर १९८४

ती. म्बारका आत्यास,
दोर्राचा सप्रेम सलाम, वि. वि.

खोली मिळाली, शाळा सुरू झाली, आणि पावसाने माझी छत्री पहिल्याच आठवड्यात मोडली. या गावात छत्र्यांचे कारखाने का आहेत ते मला आता नीट समजलं आहे. आठवीचा वर्ग माझ्याकडे दिला आहे. बीजगणित म्हटलं की मुलं बाकाखाली जायची तेवढी बाकी राहतात. मी समुद्रापलीकडच्या कैरुआनची आहे हे कळल्यावर एकीने विचारलं, की तिथे उंटावरून शाळेत जाता का. मी म्हटलं, हो तर, पण उंटाला गणित येत असेल तरच वर्गात घेतात. तेव्हापासून जरा बरं चाललं आहे.

एक घोळ मात्र झाला. खाली घरमालकीण सोलांजबाई राहतात. एकट्या आहेत, साठीच्या पुढच्या. मी आले त्या दिवशी त्यांनी निळ्या काठाच्या बशीतून सफरचंदाचा केक आणून दिला. आता रिकामी बशी परत द्यायची कशी? माझ्याकडे ना रवा, ना खजूर, ना धड चूल. म्हणून बशी ठेवून घेतली. बाई जिन्यात दोनदा बशीची चौकशी करून गेल्या. मी दोन्ही वेळा हसून सांगितलं, की अगदी नीट आहे माझ्याकडे, काळजी करू नका. काल शाळेतल्या मारियेलने सांगितलं, की बाई गावभर म्हणत फिरताहेत, त्यांच्या आईच्या सहा बशांतली एक त्या नव्या शिक्षिकेने लांबवली. आत्या, मी रात्रभर तळमळले. चोरीचा आळ, आणि तोही बशीचा!

बाबा माझं पत्र वाचतात का? निघताना दाराशीसुद्धा आले नाहीत, ते मनातून जात नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून पाठवत राहावा.
तुझी दोर्रा

*

कैरुआन, २ नोव्हेंबर १९८४

चि. दोर्रास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बापाच्या मिठाईच्या दुकानातच वाचलं आणि हसून हसून माझी ओढणी घसरली. लांबवली म्हणे! अगं, त्यांना काय माहीत आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत केलं तर ती आठ दिवस बोलत नाही? पण तूही शहाणी आहेस. तोंड आहे ना? सांगायचं होतंस. टपालाने रवा आणि खजुराचा गोळा पाठवते आहे. रव्याची साधी वडी कर, खजूर भरून तळायच्या नि पाकात घालायच्या मकरूदच्या भानगडीत पडू नकोस, ते तुझ्या बापालाच करू दे.

तो पत्र वाचत नाही. मी मोठ्याने वाचते तेव्हा मकरूद कापत उभा असतो. बशीचं आलं तेव्हा सुरी थांबली होती. नंतर म्हणाला, की अब्रू घालवली पोरीने, आणि मग गिऱ्हाइकाला चार मकरूद जास्त घातले. सालाह माझा धाकटा भाऊ, मी त्याला ओळखते. तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे. तुझी आई गेल्यावर घरात तू एकटीच होतीस. एक वर्ष म्हणून त्याने कबूल केलं, आणि इथल्या मुलींच्या शाळेत तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. जुलैत तू कायमची येणार असं तो सगळ्या बाजाराला सांगतो.

स्वेटर दोन घालत जा. माया आहे तशीच आहे, अंतर पडू देऊ नकोस.
तुझी आत्या

*

ओरियाक, १३ जानेवारी १९८५

ती. आत्यास सप्रेम सलाम, वि. वि.

तुझ्या रव्याने माझी अब्रू वाचवली. वड्या भरून बशी नेऊन दिली, उरलेल्या वड्या माझ्या डब्यातून दिल्या आणि सगळी हकिगत सांगितली. सोलांजबाई लाल झाल्या, मग एक वडी खाल्ली, मग दुसरी, आणि मग मला बसवून कॉफी दिली. पण दुसऱ्या दिवशी माझा डबा मला घासूनपुसून परत दिला, चकचकीत आणि रिकामा! मला वाटलं, झालं, पुन्हा येऊ नकोस असंच सांगितलं. दोन दिवस मी जिना उतरताना पाय न वाजवता उतरत होते. शेवटी त्यांनीच दार उघडून विचारलं, की काय बिनसलं. त्यांच्याकडे घासून देणं हाच मान, हे मला तेव्हा कळलं. आता दर रविवारी त्यांची बशी वर येते आणि माझा डबा खाली जातो. माझा डबा आता कधी रिकामा परत येत नाही, कधी अक्रोड असतात, कधी नुसती एक नासपती.

नाताळच्या सुट्टीत मारियेलबरोबर आगगाडीने थेट सिसिलीपर्यंत गेले. रोममध्ये पाय दुखेतो हिंडलो, पण सांगायचं आहे ते त्रापानीचं. तिथल्या एका खाणावळीत वाफवलेल्या रव्याचा आपला कुस्कुस, माशाबरोबर! मी म्हटलं, हा आमचा. मालकीणबाई म्हणाल्या, की पोरी, माझ्या पणजीपासून हा आमचाच आहे. मी विचारलं, दोनदा वाफवता का? त्या म्हणाल्या, मग काय तुझ्यासारखं एकदाच? भांडण एवढं रंगलं, की शेवटी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन हातात रवा दिला. मी चोळून दाखवला. त्यांनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. धक्क्यावर उभी राहिले तर ट्यूनिसची बोट सुटत होती. खूप रडू आलं, आत्या. पण परत वळले ती माझ्या आठवीकडे, आणि आनंदानेच वळले. दोन्ही खरं आहे.

बाबांना त्रापानीचं नक्की वाचून दाखव. लोभ वाढता ठेव.
तुझी दोर्रा

*

ओरियाक, १२ मे १९८५

ती. आत्यास सप्रेम सलाम, वि. वि.

ईस्टरला स्पेनमध्ये जाऊन आले. कॉर्दोव्याच्या मशिदीत खांबांमधून चालताना आपल्या कैरुआनच्या मशिदीत लपंडाव खेळल्यासारखं वाटत होतं. पण आज पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे.

शाळेने मला आणखी एका वर्षासाठी विचारलं आहे. पुढच्या वर्षी माझ्या आठवीची मोठी परीक्षा आहे. बाकाखाली जाणारी मुलं आता फळ्यावर येऊन माझी चूक दाखवतात. त्यांना मध्येच सोडून यावंसं वाटत नाही. मला राहायचं आहे, आत्या. हे लिहायला तीन कागद फाडले. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही. गेल्या वेळी त्यांची पाठ बघून निघाले होते, पुन्हा तसं निघायचं नाही. तू शब्द टाकशील का?

तुझीच दोर्रा

*

कैरुआन, ५ जून १९८५

चि. दोर्रास अनेक आशीर्वाद.

रोजे चालू आहेत, दुकानात मुंगीला वाट नाही, तरी संध्याकाळी सरबत पोटात गेल्यावर विषय काढला. तो म्हणाला, की नाही. मी म्हटलं, ऐकून तरी घे. तो म्हणाला, की एक वर्ष म्हणजे एक वर्ष, आणि आतल्या खोलीत गेला. मी दारातून दोन शब्द सुनावले. त्याने दार लावून घेतलं. एवढंच झालं.

खोटी आशा दाखवत नाही. तू ये आणि समोरासमोर विचार. मी मात्र नसेन, लेकीच्या बाळंतपणासाठी स्फॅक्सला चालले आहे. भांडू नकोस, रडूही नकोस, त्याला दोन्ही सहन होत नाही. काय होईल ते मला स्फॅक्सला कळव, इकडे माझा जीव टांगणीला आहे.

तुझी आत्या

*

कैरुआन, २३ ऑगस्ट १९८५

ती. आत्यास सप्रेम सलाम, वि. वि.

नातवाच्या बातमीने घरभर आनंद झाला. बाबांनी बाजारात फुकट मकरूद वाटले. आता माझी हकिगत ऐक.

निघायच्या दिवशी सोलांजबाईंनी वाटेत खायला चेरीचा केक दिला, त्याच निळ्या काठाच्या बशीत. गाडीची वेळ झालेली, केक काढून ठेवायला काही नव्हतं. तो मार्सेलला बोटीत चढायच्या आत संपला आणि बशी सामानात घरी आली. मुद्दाम आणली असं तू म्हणशील. आईशपथ, नाही.

पहिले कित्येक दिवस मी तोंड उघडलं नाही. तू भांडू नको म्हणालीस, रडू नको म्हणालीस, मग उरलं काय? मग एक दिवस बाबांना फडताळात बशी दिसली. कोणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती सोलांजबाईंच्या आईच्या सहा बशांतली, हेही सांगितलं. त्यांनी बशी उलटीसुलटी करून पाहिली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, की टपालाने पाठवून दे. मी म्हटलं, बरं, रिकामीच पाठवू? ते जेवता जेवता उठले. चार दिवसांनी म्हणाले, की शेजारच्या हमादीचा भाऊ मार्सेलला चालला आहे, त्याच्याकडे दे. मी म्हटलं, ओरियाक तिथून एक दिवस लांब. आत्या, एवढ्या मोठ्या माणसाला एका बशीने झोप लागू दिली नाही. दुकानातून आले की आधी फडताळाकडे बघायचे.

परवा पहाटे तळणाचा वास आला. उठून बघते तर बाबा घरच्या चुलीपाशी. दुकानातले नाहीत, मुद्दाम घरी केलेले, बोटाएवढे, उत्तम खजूर भरलेले मकरूद. एकेक पाकातून काढून निथळत ठेवत होते. बशी भरली. मग थांबले. फळीवरून आईचा हिरवा वाडगा काढला, गेल्या सहा वर्षांत कोणी हात न लावलेला, आणि तोही भरला. म्हणाले, की जी बाई दर रविवारी माझ्या पोरीला खाऊ घालते तिला एक बशी पुरायची नाही. दोन्हींना फडकं बांधलं. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, की बोट कोणत्या दिवशी आहे.

मी रडले, तू नको म्हणालीस तरी. ते म्हणाले, की फडक्यावर नको, पाक सुटेल.

सही करून पाठवली. निघताना बाबा नुसते दाराशीच नाही, पिशवी उचलून बसपर्यंत येणार आहेत. बाळाला माझा पापा दे.
तुझी दोर्रा

*

कैरुआन, ६ ऑक्टोबर १९८५

चि. दोर्रास आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. म्बारका परत आली आहे, ती शेजारी बसून माझ्या अक्षराला हसते आहे.

मकरूद न मोडता पोचले हे वाचलं. पाक जरा घट्ट ठेवला होता, म्हणून. तू लिहितेस, की त्या बाईंनी बशी लगेच कपाटात ठेवली पण वाडगा समोर घेऊन बसल्या आहेत, यात काय भरू म्हणून रोज तुला विचारतात. त्यांना सांग, घाई करू नका. तुझी आठवी, आता नववी, परीक्षेतून पार पडू दे. त्यानंतरही तुला तिथे काम असलं तर तेही कर.

टपालाने मात्र वाडगा पाठवू नका. तो त्यांनी स्वतः घेऊन यावा, आणि वाट दाखवायला तू बरोबर यावंस. वरची खोली मी रंगवून घेतो आहे.

तुझ्या आईचा वाडगा तिथे आहे तोवर तू येणार हे मला पक्कं ठाऊक आहे. गेल्या वर्षी असं काही माझ्याकडे नव्हतं, म्हणून दाराशी आलो नाही.

लोभ आधीपासून होताच, लिहायचा तेवढा राहिला होता.
तुझे बाबा