कुरडूचे शेंडे

कुरुंदा, भाद्रपद वद्य ५, शके १८६३

डोकं फिरलंय. तुऱ्यांसाठी मुद्दाम कुरडूचं तण वाढवणारा मास्तर म्हणून गाव हसतं, ते चालेल. पण शेजारची फातिमाखाला श्रावणभर माझ्या कुरडूचे शेंडे भाजीला खुडत होती! भांडलो. श्रावणाच्या सुरुवातीलाच अर्ध्या कुरडूला बाभळीचे काटे लावले; तेवढेच पुरले. ते पुरुषभर वाढलं आणि कालच्या वाऱ्यात सगळं आडवं झालं. तिने खुडलेलं मात्र कमरेएवढं, फुटवे फुटून ताठ उभं; एकेका झाडाला दहा-दहा गुलाबी तुरे.

आज तिलाच विचारलं. म्हणाली, "शेंडा खुडल्याबिगर जोर धरत न्हाई ते, मास्तर. काटे काहून लावले?"

शेंड्यांसाठी चारचौघांत चोर म्हणालो होतो मी तिला.

संध्याकाळी काटे काढले. खाला दारातून बघत होती. निदान हसायचं तरी!