फक्त आतलं काम

२६ जानेवारी २०२५, रविवार

गाडी आली. गोव्याहून स्वतःच्या चाकांवर आली, हे नमूद करून ठेवतो. वाटेत एकदाही बंद पडली नाही. लाल रंग, दोन सीट, डोक्यावर छप्पर नाही. जुनी आहे, पण स्पोर्ट्स कार आहे.

करुणा शाळेतलं झेंडावंदन उरकून आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, घरात माणसं तीन आणि सीट दोन. शिक्षिकेशी लग्न केलं की असले हिशेब ऐकावे लागतात.

संध्याकाळी विहारात कमिटीची मीटिंग. मी जाहीर केलं की यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे माझी गाडी. शेजारच्या सीटवर मांडीवर बाबासाहेबांची तसबीर घेऊन आई, चालवायला मी. टाळ्या पडल्या. आई वाडीत सगळ्यात म्हातारी. पूर्वी निळा झेंडा घेऊन पुढे तीच असायची. गुडघे गेले, आता दोन वर्षं पडवीत बसून बघते. मिरवणूक दारावरून गेली की बराच वेळ कुणाशी बोलत नाही. ते मला बघवत नाही.

मुंबई शाखेचा सेक्रेटरी सुहास, माझा चुलतभाऊ, फोनवरून मीटिंगला हजर होता. त्याने सुचवलं की असू दे म्हणून नितेशचा टेम्पोही सांगून ठेवावा. नितेश त्या टेम्पोतून मासळी नेतो. मी शांतपणे नकार दिला.

संकल्प: आतलं सगळं काम स्वतः करायचं. सीटचा फोम भुगा झालाय, कार्पेट कुजलंय, डॅशबोर्डला भेगा आहेत. फक्त आतलं. इंजिन उत्तम आहे, त्याला हात लावायचा नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही सीट, कार्पेट, दारांचे आतले पत्रे, सगळं काढलं. दुपारच्या जेवणाआधी. लोक या कामाला उगाच महिने लावतात.

यूट्यूबवरचा इंग्रज म्हातारा प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात घालून वर नाव लिहितो. त्याची स्मरणशक्ती कमी असावी. मी सगळे स्क्रू श्रीखंडाच्या एका डब्यात टाकले.

९ फेब्रुवारी, रविवार

डॅशबोर्ड निघत नव्हता. शेवटी निघाला. त्याच्याबरोबर काही वायरी पण निघाल्या. खाऱ्या हवेने सगळ्या वायरी एकाच रंगाच्या झाल्यात, त्यामुळे कुठली कुणाची हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवलाय.

संध्याकाळी सहज चावी फिरवून बघितली. गाडी चालू झाली नाही. विश्रांती मिळाली की होईल. गोव्याहून आलीय शेवटी.

पडवीतून आई सगळं बघत होती. चालत आलेल्या गाडीला मोडलास कशाला, असं तिने विचारलं. मी सांगितलं, मोडणं नाही, याला रिस्टोरेशन म्हणतात. बराय, म्हणाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी सत्कारणी लावली. सीटचं काम सुरू.

आधी ड्रायव्हरची सीट घेतोय. यात स्वार्थ काही नाही. नवीन पद्धत आधी आपल्यावर करून बघायची आणि मग आईला द्यायची, हा त्यामागचा विचार आहे. फोमऐवजी काथ्या भरणार. फोम आपल्याकडच्या दमट हवेत टिकत नाही, काथ्या इथलाच आहे. हे त्या इंग्रज म्हाताऱ्याला कधी सुचणार नाही.

२ मार्च, रविवार

करुणाच्या शिलाई मशीनवर रेक्झिन शिवायला घेतलं. रेक्झिन जाड आहे. मशीन जुनी आहे.

मशीन दुरुस्तीला गेलीय. यापुढे गोणी शिवायच्या दाभणाने हाताने शिवणार. हाताच्या शिलाईला मोठ्या गाड्यांत जास्त मान असतो.

९ मार्च, रविवार

ड्रायव्हरची सीट पूर्ण!

अंगणात ठेवून बसून बघितलं. पाठीला आधार, मांडीला आधार, काथ्या जरा टोचतो पण त्याने माणूस जागा राहतो. बराच वेळ बसलो. करुणानेही बसून बघितलं आणि चांगली झालीय म्हणाली. पुढे काहीच म्हणाली नाही, म्हणजे खरंच चांगली झाली असणार.

आता फक्त आईची सीट, फरशीचा पत्रा, डॅशबोर्ड, दारं आणि वायरी. मुख्य काम झालंच आहे.

१६ मार्च, रविवार

शिमग्याच्या गडबडीत आठवडा गेला. आज ताडपत्री काढली तर आईच्या सीटच्या जागी शेजारच्या तुळसाकाकीची कोंबडी. कुजलेल्या कार्पेटचा एक तुकडा राहिला होता, त्यावर अंडी घालून खुडूक बसलीय. हात घातला तर चोच मारली.

तुळसाकाकीला बोलावलं. ती म्हणाली, एकदा बसलेली कोंबडी हलवली तर अंडी फुकट जातात. आईनेही तिचीच बाजू घेतली. जिवाला उठवू नको म्हणाली. मी विचारलं, मग मिरवणुकीचं काय? आई म्हणाली, तिला काय माहीत मिरवणूक.

अशा वातावरणात काम करावं लागतं.

२३ मार्च, रविवार

कोंबडी आहे.

ड्रायव्हरच्या बाजूने काम करता येईल असं करुणाचं मत. करता येईल. पण अर्ध्या गाडीचं काम मला मान्य नाही, काम एकसंध पाहिजे. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढचा प्लॅन केला. झोप चांगली लागली.

३० मार्च, रविवार

कोंबडी आहे. सुहासचा मुंबईहून फोन. टेम्पो सांगू का, असं त्याने पुन्हा विचारलं. काम अंतिम टप्प्यात आहे, असं मी सांगितलं. कोणत्या कामाचा अंतिम टप्पा हे त्याने विचारलं नाही, त्यामुळे मी खोटं बोललो असं होत नाही.

६ एप्रिल, रविवार

शुक्रवारी पिल्लं निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन गेली. गाडी मोकळी. ऑफिसात त्याच दिवशी आठवडाभराची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. लिहून दिलं: घरगुती काम.

काल फरशीचा पत्रा बघितला. गंज आहे आणि दोन ठिकाणी खालची जमीन दिसते. त्या पत्र्यावर आईच्या सीटसाठी प्लायवुडची बैठक करणार. पण गंज आणि वाळवी यांचा आधी बंदोबस्त हवा. बाजारातले प्रायमर मी घेणार नाही. दाभोळचा गंगाराम, शाळेतला मित्र, त्याच्या होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावतो. खाऱ्या पाण्यात होडी वर्षानुवर्षं टिकते तर गाडीला काय होणार? त्याने आज सकाळच्या एसटीने कॅन पाठवला.

फोनवर त्याने बऱ्याच सूचना केल्या. हातमोजे घाल, तोंडाला हात लावू नको, उन्हात नीट सुकू दे. होडीवाले फार जपून असतात. लहानपणी काजू भाजून खाल्लेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती.

दोन हात दिले. काळाभोर, चमकदार. कंपनीतून आल्यासारखी फरशी झाली. उन्हात घाम फार येत होता, सारखा पुसावा लागला.

७ एप्रिल, सोमवार

हात आणि चेहरा उतलाय. पाण्याने भरलेले फोड. डावा डोळा बंद. उजव्याने लिहितोय.

करुणाने कोकमतेल लावलं. घाम हातमोज्यांनी पुसलास की हातांनी, असं विचारलं. हातमोजे कॅनच्या पिशवीतच राहिलेत.

१० एप्रिल, गुरुवार

तेल सुकलेलं नाही. बोट लावलं की चिकटतं, मग बोट उततं. चार दिवसांत सुकेल असा माझा अंदाज होता. तो होडीच्या लाकडाचा असावा, पत्र्याचा नसावा.

अनिल मेकॅनिकला बोलावलं, फक्त वायरींचं मत घ्यायला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. गाडी विकायची आहे का असं विचारलं. नाही म्हटल्यावर चहा घेऊन गेला.

१२ एप्रिल, शनिवार

मुंबईकर आले. स्टेशनवरून रिक्षा भरभरून. सुहास बॅगही न ठेवता थेट गाडीपाशी आला. मी ताडपत्री काढली. तो बघत राहिला.

मग म्हणाला, महेंद्रदादा, इंजिन?

इंजिन उत्तम आहे, मी सांगितलं. इंजिनाला मी हातच लावलेला नाही.

सुहासने बाजूला जाऊन कुणाला तरी फोन केला. नितेशचं नाव ऐकू आलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१३ एप्रिल, रविवार

अजून पूर्ण दिवस हातात आहे, असं सकाळी ठरवून उठलो. बैठकीचा प्लाय कापला, तो आखूड झाला. वायर वायरीला लावली. हॉर्न वाजू लागला आणि थांबेना. सगळी वाडी जमली. शेवटी ती वायर पण कापली.

दुपारी घरात आलो तर करुणा आईची पांढरी साडी इस्त्री करत होती. मिरवणुकीसाठी नवीन घेतलेली. मी ती साडी बघितली आणि फरशीवरचं ते काळं तेल आठवलं. मी आईला तिथे बसवणार होतो.

पडवीत आईजवळ जाऊन बसलो. सांगायचं होतं, पण सुरुवात जमेना. वायरींबद्दल काहीतरी बोललो, काथ्याबद्दल बोललो. तिने ऐकून घेतलं. माझ्या सुजलेल्या गालावर हात ठेवायला आली, मी मागे सरलो, तुझ्या हातालाही लागेल म्हणून.

ती म्हणाली, "बाला, माला गाडी नको हाय. माला फक्त पुढं जायाचं हाय."

फार वाईट वाटलं. रोजनिशीत हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलंय.

संध्याकाळी स्वतःच नितेशकडे गेलो.

१४ एप्रिल, सोमवार

नितेशने टेम्पो फिनेलने तीनदा धुतला. वास गेला नाही, पण निळ्या पताका आणि झेंडूच्या माळा लावल्यावर कळत नव्हता. प्रश्न बसायचा होता. प्लॅस्टिकची खुर्ची चढावर घसरते. करुणा म्हणाली, आपल्याकडे तयार सीट आहे ना एक. मी म्हटलं, ती ड्रायव्हरची आहे. तिने सुंभाचं वेटोळं माझ्या हातात ठेवलं. मी सीट उचलून आणली.

टेम्पोत मागे मधोमध ठेवली आणि सुंभाने चारी बाजूंनी बांधली. सुहासने आणि मी आईला उचलून बसवलं. पांढरी साडी, मांडीवर तसबीर. बेंजो सुरू झाला, टेम्पो निघाला. आईने एका हाताने तसबीर धरली आणि दुसरा हात वर केला, तो हात शेवटपर्यंत खाली आला नाही. घोषणा सगळ्यांत मोठ्या आवाजात तिचीच.

मी टेम्पोच्या मागून चालत होतो. डोळा अजून अर्धाच उघडतो, त्यातून पाणी येत होतं. तेलाचा परिणाम बराच टिकतो.

आमच्या दारावरून मिरवणूक गेली तेव्हा पडवी रिकामी होती.

सीट कुणाची असं लोक नितेशला विचारत होते. तो म्हणाला, भंगारातली असेल. काथ्या अजिबात दबलेला नाही, हे मात्र मागून स्पष्ट दिसत होतं.

२० एप्रिल, रविवार

फोड सुकले. काम पुन्हा हाती घ्यायचा संकल्प. मिरवणुकीचं दडपण नसल्याने आता खरं काम होईल.

अडचण एकच. चौदाला रात्री टेम्पोतून उतरवलेली सीट पडवीत ठेवली, ती तिथेच आहे. आई दिवसभर तिच्यातच बसते. गुडघ्यांना बरं पडतं म्हणते. सीट गाडीत लावायला परत मागितली, तर तुळसाकाकीसमोरच नाही म्हणाली. करुणाने मध्यस्थी करायला नकार दिला.

तर गाडीला सध्या एकही सीट नाही. रेसिंगच्या गाड्यांत अनावश्यक वजन कमी करतात, असं त्या इंग्रज म्हाताऱ्याने एका व्हिडिओत सांगितलंय. म्हणजे दिशा बरोबर आहे.

ड्रायव्हरच्या बाजूला बादली उपडी घालून बसून बघितलं. उंची योग्य. स्टीअरिंग धरलं. पडवीतून आईने विचारलं, कुठं निघालास. कुठे नाही, मी म्हटलं.

मग उतर आणि जेवायला ये, म्हणाली. उतरलो.