सासूच्या हातातली मासोळी

केशोरी, ९ नोव्हेंबर २००८

लिहायचं टाळतच होतो. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्यासाठी मी लिहिलेल्या नाटकातली सासू नुसती ओरडायची. ते काम करणाऱ्या शांताबाईंनी परवा सांगून टाकलं, "हे बाई नाही, भोंगा आहे. मी नाही करत."

आज जेवताना मामी नव्या सुनेवर खेकसून राहिली होती, "काऊन वं, तुमच्या गोंदियात मासोळी बिनकाट्याची येते का?" आणि बोलता बोलता काटे काढून मासोळी सुनेच्याच ताटात ठेवून राहिली. काटे! मला कसं सुचलं नाही?

उठून नाटकातला प्रवेश पुन्हा लिहिला. सासूची एकही शिवी कमी केली नाही. फक्त हातात मासोळी दिली. आता ती बाई झाली, पैज लावतो. सून काय बोलेल? ती जेवेल.

अरे, दारात चक्क शांताबाई! "भेटली का रे दुसरी कोणी?" बसवलंय. वाचून दाखवतो.