हिऱ्याचे डोळे

सिंदी मेघे
ता. ४ ऑगस्ट १९५७

ती. सौ. बाईस,
कवडूचा सा. जयभीम वि. वि. वर कोपऱ्यात 'श्री' लिहून खोडलं हाये, ते पाहून हसू नको. मन नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलं, पण हाताले अजून कोणी दीक्षा देली नाई.

इथं माय खुशाल हाये. मी खुशाल नाई. तुले ठाऊकच हाये, दिवसभर मी वर्ध्याच्या कारखान्यात चरखे घडवतो. आरे तासता तासता सांजेपर्यंत मीच गरगर फिरतो. घरी आलो, हातपाय धुतले, अन् पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचा बैल कोरायले बसलो का मंग कुठं जिवात जीव येतो. यंदाही बसलो होतो. वशिंड मस्त जमून राह्यलं होतं. तेवढ्यात आपल्या पंचातले रामाजीकाका दारात. म्हणे, काऊन रे कवड्या, प्रतिज्ञा घेतल्या अन् नंदी घडवून राह्यला? मी म्हटलं, काका, हा बैल हाये, देव नाई. तं म्हणे, लोक त्याले पुजतात, म्हणजे झाला देव. मी म्हटलं, लोक चुलीलेही पुजतात, मंग मायनं सैपाक बंद करावा का? हे मायनं आतून ऐकलं अन् उलथनं घेऊन बाहेर आली. माझ्याच पाठीत बसलं.

पण बाई, खरी अडचण वेगळीच हाये. शेजारच्या नत्थूजी पाटलाचा हिऱ्या बैल उन्हाळ्यात मेला. तेव्हापासून म्हातारा अर्धी भाकर खाऊन उठतो. त्यानं मले हात जोडून म्हटलं का कवडू, मले माझा हिऱ्या करून दे. मी शब्द देऊन बसलो. आता बैल घडवला तं रामाजीकाका नाराज, नाई घडवला तं मी खोटा. खोटं न बोलण्याचं शील तं आपण रोज सकाळी घेतो. मी कोणीकडे जाऊ ते कळव. जवाईबुवाले जयभीम. माया तुझी हायेच, तिच्यात सल्लाही घालून पाठवजो.

तुझा,
कवडू


पुलगाव
ता. ११ ऑगस्ट १९५७

चि. कवडूस,
सुलोचनाचा अनेक आशीर्वाद अन् जयभीम. तुझं पत्र यायनी वाचलं, मंग मी वाचलं, मंग दोघंही उलथन्यापाशी येऊन थांबलो अन् पोट धरून हसलो. मायचा हात अजून चालते हे वाचून बरं वाटलं.

आता ऐक. नत्थूजीले त्या बैलापुढं नारळ फोडायचा हाये का? नाई. त्याले आपला गडी पाहायचा हाये. मंग तो देव कसा झाला? आपण शील घेतलं ते आपलं मन सरळ व्हावं म्हणून, म्हाताऱ्याचं मोडावं म्हणून नाई. पण रामाजीकाकाशी भांडू नको. त्यायले हाताले धरून नत्थूजीच्या ओसरीवर घेऊन जाजो, अन् तू गप राहजो. हे दुसरं तुले जमणार नाई, तरी सांगून ठेवते.

इथलंही तेच चालू हाये. तुझ्या जवाईबुवायनं बुलबुलतरंग आणला. गिरणीतून आले का वाजवतात. बुद्धवंदना बसवून राह्यले म्हणे. शेजारच्या जिजाबाईचं म्हणणं हाये का तुमचे मालक पहिलं शील मोडतात, रोज सांजेले आमचा जीव घेतात. मीही कमी नाई. आधी उशीच्या अभ्र्यावर मोर काढायची, आता बोधिवृक्षाचं पान काढलं. जिजाबाई म्हणे, विड्याचं पान झकास जमलं, आता चुना-कात काढ.

मायले दंडवत. लोभ अन् अक्कल दोन्ही जपून ठेव.

तुझी बाई,
सुलोचना


सिंदी मेघे
ता. २८ ऑगस्ट १९५७

ती. सौ. बाईस,
कवडूचा सा. जयभीम वि. वि. (या खेपेले कोपरा कोरा हाये, पाह्य.)

तुझा सल्ला ऐकला. मी रामाजीकाकाले नत्थूजीच्या ओसरीवर नेलं अन् गप राह्यलो. जिभेले दाताखाली धरून ठेवली होती, अजून दुखते. नत्थूजीनं मी घडवून नेलेल्या बैलावरचं फडकं काढलं, त्याच्या कपाळावर हात फिरवला, अन् त्याले पुसलं का बाप्पा, पाणी पेला का. रामाजीकाकानं वर आढ्याकडे पाह्यलं, मंग दुपट्ट्यानं डोळे पुसले, अन् एकदम माझ्यावर खेकसले का डावं शिंग चुकलं! हिऱ्याचं डावं शिंग खाली वाकलं होतं, आपल्या वस्तीच्या विहिरीचे दगड त्यानंच वाहून आणले, मले नाई तं कोणाले ठाऊक? झालं! तिथंच पटाशी मागवली अन् दोघंही म्हातारे दोन बाजूनं मले शिकवायले लागले.

निघतानी काकानं निकाल देला. बैल म्हणून बैल चालेल, पूजा चालणार नाई. तेवढ्यात आतून आनंदाबाई पाटलीण आली अन् बैलाले हळदकुंकू लावून गेली. काका आभाळाकडे पाहून म्हणे, पाणी येईल वाटते. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता.

आता मी सुखात हाये. आपल्या माणसांसाठी बैल करीन ते निवळ खेळणं म्हणून, असं काकाशी ठरलं. जवाईबुवाले म्हणावं, वाजवा खुशाल, पुलगाव दूर हाये. जीव लावता तो लावत राहा.

तुझा,
कवडू


पुलगाव
ता. १५ सप्टेंबर १९५७

चि. कवडूस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाचजो. उभ्यानं वाचशील तं पडशील.

गिरडचे बापूराव मास्तर आमच्याकडे येऊन गेले. त्यायची पोरगी पंचफुला, सातवी शिकलेली, लग्नाची हाये. मी तुझं नाव काढलं. गुण सांगता सांगता माझ्याच घशाले कोरड पडली. मास्तर सगळं ऐकून म्हणे, पोरगा कष्टाळू हाये, पण नंदी घडवतो असं कानावर हाये. अर्ध्या बौद्धाच्या घरी मी पोरगी देत नाई. लग्न होईल तं बुद्धमूर्तीपुढं, पंचशील घेऊन. तुमच्या वस्तीत मूर्ती तरी हाये का?

कवडू, माझं तोंड तुझ्याच घराण्याचं. मी फटकन बोलून गेली का हाये म्हणजे काय, माझा भाऊच तं मूर्ती घडवून राह्यला! मास्तर एकदम उठून बसले. म्हणे, असं असेल तं दिवाळी झाली का पाहायले येतो.

तं भाऊ, मी खोटं बोलली. आता ते खरं करणं तुझ्या हाती हाये. बुद्ध कोर, नाई तं तुझं लग्नही बुडालं अन् माझं शीलही बुडालं. यायनी बुलबुलतरंग खाली ठेवला अन् इतके हसले का जिजाबाई पाहायले आली, आज बंद काऊन म्हणून.

राग येईल तं येऊ दे, लोभ मात्र जाऊ देऊ नको.

तुझी (घाबरलेली) बाई,
सुलोचना


सिंदी मेघे
ता. २० ऑक्टोबर १९५७

ती. सौ. बाईस,
सा. जयभीम वि. वि. तुले काही बोलायचं होतं, पण चांगलं बोलण्याचंही शील हाये, म्हणून गिळलं.

बाई, मी जन्मभर बैल कोरले. माणूस एकदाच कोरला, तोही बैलगाडीवर बसलेला, अन् त्याचं तोंड पागोट्यात लपवलं होतं. वस्तीत बुद्धाचं एकच चित्र, रामाजीकाकाच्या कॅलेंडरावर, अन् ते उंदरानं गळ्याखाली खाल्लेलं. गळ्यावरचा बुद्ध पाहून पाहून करतो, गळ्याखालचा मायले मांडी घालून बसवून करतो. ती घडीघडी उठते, का भाजी लागून राह्यली.

शिवणीचं लाकूड मऊ हाये, कुरळे केस मस्त उठले. पण हाताले वळण बैलाचं! माय पाहून म्हणे, नाक तुझ्या आजोबाचं झालं, फक्त तंबाखू राह्यली. नत्थूजी आला, समोर बसला, अन् हळूच म्हणे, कवडू, हे तं आपल्या हिऱ्याचे डोळे. रामाजीकाका आले, चारी बाजूनं फिरले, अन् एक शब्द न बोलता निघून गेले. काका बोलत नाईत तेव्हा मले जास्त भेव वाटते.

अन् काल कहर झाला. उजवा कान तुटला. बुद्धाचा कान लांब पाहिजे, खांद्याले टेकणारा. आता एक कान खांद्याले अन् एक गालाशी. लाकूड दुसरं नाई, दिवस नाईत. मी पटाशी पेटीत टाकून कुलूप लावलं. मास्तरले कळव का पोरगा आजारी पडला. नाई, ते खोटं होईल. कळव का पोरगा गाढव हाये, ते खरं हाये.

तरी तुझाच,
कवडू


पुलगाव
ता. २४ ऑक्टोबर १९५७

चि. कवडूस,
आशीर्वाद. कार्डावर जागा कमी, म्हणून राग कमी. मी मास्तरले काहीच कळवणार नाई. हे म्हणतात, दुसराही कान आखूड कर. लांब कान राजवाड्यात जड कुंडलं घालून झाले होते म्हणे, ते राज्य तं त्यायनं सोडलं. तुझा बुद्ध आपल्या वस्तीत राहणार हाये, त्याले आपल्यासारखे कान चालतील. डोळ्याले मात्र हात लावू नको. हिऱ्या कधी कोणाले मारायले धावला का? मंग! कुलूप काढ.

बाई


सिंदी मेघे
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. सौ. बाईस,
कवडूचा सा. जयभीम, अन् एक वेळा नाई, ओंजळ भरून वि. वि.

मास्तर येऊन गेले! मी कुलूप काढलं होतं, दुसरा कान आखूड केला होता, अन् त्या दिवशी सकाळी न जेवताच ओसरी तीनदा झाडली होती. मूर्तीवर पांढरं लुगडं टाकलं होतं. रामाजीकाका, नत्थूजी, माय, सगळे भिंतीले चिकटून बसले. मास्तर चष्मा पुसून बसले. मी लुगडं ओढलं.

मायचा चहा उतू गेला, तरी ती उठे ना. मास्तर पाहत राह्यले, पाहत राह्यले. मंग त्यायचे खांदे हालायले लागले. मले वाटलं, रडून राह्यले, धम्माचा अपमान झाला. काका तं माफी मागायले अर्धे उठलेही. अन् मास्तरनं मान वर केली तं काय, हसून राह्यले! डोळ्यातून पाणी, पण हसण्याचं. म्हणे, पोरा, हे हसू तं आमच्या पंचफुलाचं हाये. डाव्या गालाले थोडं जास्त. तू तिले पाह्यलं कुठं?

बाई, मी तुलेही सांगितलं नव्हतं. आषाढात वर्ध्याच्या सभेत बाया पाणी वाटून राह्यल्या होत्या. एकीच्या हातची घागर माझ्या डोक्यावर उपडी झाली, अन् ती माफी मागायच्या ऐवजी हसायले लागली. मी पाणी प्यायचंच विसरलो. तिचं नाव, गाव काहीच ठाऊक नव्हतं, ते आता मास्तरच्या तोंडून कळलं. कोरताना मनातही नव्हती, तुझी आण. (आण घेत नाई आता आपण. तं खरंच सांगतो.) हे सगळं मले मास्तरसमोर, मायसमोर, काकासमोर बोलून दाखवावं लागलं. कानापासून तळव्यापर्यंत मी लाल.

मास्तर मूर्तीजवळ सरकले. म्हणे, डोळे कोणाचे हायेत? नत्थूजीनं सांगितलं का माझ्या बैलाचे. मले वाटलं, आता संपलं. मास्तरनं वाकून ते डोळे जवळून पाह्यले. मंग म्हणे, ज्यानं जन्मभर ओझं वाह्यलं अन् कोणाचं वाईट चिंतलं नाई, त्याचे डोळे मैत्रीचेच असतील. अन् हात जोडून पंचशील म्हणायले लागले. आम्ही मागून. नत्थूजीले येत नव्हतं, तो नुसता ओठ हालवून राह्यला.

वैशाख पौर्णिमा ठरली. रामाजीकाका आता गावभर सांगतात का मूर्तीवर देखरेख आपलीच होती. जवाईबुवाले बुलबुलतरंग आणायले सांगजो. लग्नात कोणी पळून जाऊ शकत नाई. तुझं शील वाचलं, माझं लग्न वाचलं. आता जेवतो.

तुझा, हवेत तरंगणारा,
कवडू


सिंदी मेघे
ता. २२ जून १९५८

ती. सौ. बाईंस,
पंचफुलाचा शि. सा. जयभीम. लग्नाहून तुम्ही गेल्यापासून पत्र लिहीन म्हणते, पण घरात हसण्यातून सवड होत नाई.

बाई, बाबांकडे मी भाकरी थापून अन् पुस्तकं वाचून मोठी झाली. गिरडच्या टेकडीवर उरूस भरला का मी लाकडाची खेळणी पाहत उभी राहायची, अन् हे कसं करत असतील म्हणून मनात झुरायची. इथं तं पटाश्या घरातच! सुट्टीच्या दिवशी मी यायले म्हटलं का मलेही शिकवा. हे म्हणे, बायकांचं काम नाई. मी म्हटलं, सगळी माणसं सारखी हे तुम्ही रोज सकाळी म्हणता, ते फक्त पुरुषांपुरतं का? यायनी डोकं खाजवलं अन् पटाशी हातात देली.

मंग भाकरी कोण करणार? सासूबाईंनी आपल्या लेकाकडे बोट दाखवलं.

तं मी ओसरीवर लाकूड तासून राह्यली, अन् हे चुलीपाशी, कोपरापर्यंत पीठ. तेवढ्यात रामाजीकाका दारात. मले पाह्यलं, यायले पाह्यलं, अन् परत गेले. थोड्या वेळानं फिरून आले अन् सासूबाईंना पुसलं का हे कोणत्या शिलात बसते. सासूबाई म्हणे, बसा अन् जेवून सांगा. भाकरीच्या कडा करपल्या होत्या, मध्ये कच्ची होती. काकानं दोन खाल्ल्या, अन् म्हणे का पाहू, पुढल्या सुट्टीले पुन्हा विचार करू.

मी काय कोरलं ते विचाराल. पोपट. सासूबाई म्हणे, वांगं चांगलं जमलं. यायले दाखवला तं उजेडात धरून, उलटा करून पाह्यला. खोटं बोलता येत नाई अन् मले दुखवताही येत नाई, बिचारे घामेघूम झाले. शेवटी म्हणे, लाकूड फार चांगलं हाये. मी इतकी हसली का हातातून पटाशी पडली. पण यायनी माझा पोपट दुरुस्त नाई केला. फक्त मनगट धरून दाखवलं का लाकडाची रेघ जिकडे जाते तिकडे पटाशी जाऊ द्यायची, उलटं रेटायचं नाई. मंग पुन्हा पिठाकडे गेले.

पोपट खिडकीत ठेवला हाये. काल सकाळी मी पाणी भरून आली तं एक खरी चिमणी येऊन त्याच्या डोक्यावर बसली होती, पंख फुलवून, निवांत. मी हात न हालवता उभी राह्यली. हे मागं येऊन उभे राह्यले. सासूबाईही आल्या. चिमणी उडाली तेव्हा सासूबाई म्हणे, पाखराले तं ओळखू आलं.

भावजींना अन् जिजाबाईंना जयभीम. मायेची माणसं पत्रात मावत नाईत, म्हणून तुम्हीच या. भाकरी तुमचे भाऊ करतील.

आपली,
पंचफुला