आप्पांच्या समाधीचा ओटा

मृत्युंजयदादा, शरणु शरणार्थी.

कंपनी आपल्या शिवाराखाली पाणी सोडून मीठ विरघळवते अन् वर उपसते. वरची जमीन खचते का, हे तिच्यासाठी मी दर महिन्याला मोजते. शेतातला आपल्या आप्पांच्या समाधीचा ओटा कधी हलायचा न्हाई, म्हणून शिवारात ठोकलेल्या सगळ्या खुंट्यांची उंची मी त्याच्यापासूनच धरली. दोन वर्षं फरक शून्य. त्याच भरवशावर तू लातूरचं दुकान मोडून शेतात घर बांधलंस.

काल पहिल्यांदा शिवाराबाहेरच्या लांबच्या पुलापासून मोजलं. आप्पाच चार बोटं खाली गेलेत दादा, अन् त्यांच्यासंगं सगळं शेत.

सांगायला सकाळी फोन केला. घरभरणीच्या गडबडीत तू हसत विचारलंस, “शून्यच ना, दामू?”

मी हाव म्हणाले.

तुझ्या भरवशाची,
दामिनी