निळ्या दिव्याखालचा फोटो

सीवूड्स,
१७ ऑगस्ट, रविवार

प्रिय यशराज,

तू बरा असशील. मीही ठीक आहे. खोलीच्या भिंतीला ओल आलीय, कॅमेऱ्याच्या लेन्सा तांदळाच्या डब्यात ठेवल्यात. आईंचा गुडघा पुन्हा दुखतोय. तुला फोनवर सांगणार नाहीत म्हणून मीच सांगतेय. वाशीला गेले की तेल लावून देते, तेव्हा म्हणतात, "यशाला कळवू नको, उगा काळजी करंल." तर कळवलंय.

तुझा मेसेज मिळाला. व्हॉट्सअॅपवर उत्तर दिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहितेय.

पुण्याच्या प्रदर्शनासाठी काढलेले वीटभट्टीचे फोटो मेलेले वाटतात, मार्केटमधल्या हमालांच्या फोटोंसारखे होत नाहीत, असं तू लिहिलंस. 'तुझा तो प्रीसेट पाठव, एका क्लिकमध्ये सगळ्यांना लावतो.' यशराज, सगळ्या फोटोंना एकच ठरलेली सेटिंग लागेल, असा प्रीसेट नाही. कधीच नव्हता. मार्केटचा एकेक फोटो मी स्वतंत्र बसून केलाय. कांद्याच्या गोणीखाली वाकलेल्या माणसाचा चेहरा तुझ्या मूळ फोटोत काळा ठिक्कर होता. मी तिथली सावली हळूहळू उचलली, उजळत नेली. डोळे दिसतील एवढीच, त्याहून जास्त नाही. गोणीचा उजेड थोडा उतरवला. पूर्ण काळं कुठेच ठेवलं नाही आणि पूर्ण पांढरंही नाही.

तुला ते आवडायचं नाही. आठवतंय? "कॉन्ट्रास्ट मार ना जरा, सगळं राखेसारखं दिसतंय," असं माझ्या खुर्चीमागे उभं राहून म्हणायचास. मग ते छापून आले, लोक बोलू लागले, आणि मुलाखतीत तू म्हणालास, "ही माझी शैली आहे, शोधायला वेळ लागला." मला राग आला नव्हता. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कारण ती माझी आहे असं मी म्हटलं असतं, तर कुणीतरी पुढचं विचारलं असतं, कुठून आली म्हणून.

इथे महाप्याला काम चालू आहे. कॅटलॉगचे फोटो साफ करायचे. कुर्त्यांच्या सुरकुत्या, मॉडेलच्या गळ्यावरचे तीळ, पुसत राहायचं. संध्याकाळी घरी येते, चहा घेते, परत कॉम्प्युटर उघडते. शेजारच्या विमलबाई विचारतात, घरी पण ऑफिसचंच काम का गं? मी हो म्हणते.

ऑफिसचं नसतं ते.

तू हॉस्पिटलमध्ये मोबाइलवर तिचा, आपल्या बाळाचा, एक फोटो काढला होतास. काचेच्या पेटीतला, काविळीसाठी लावलेल्या त्या निळ्या दिव्याखालचा. ती गेल्यावर म्हणालास, "तो डिलीट कर, बघून त्रास होतो." मी "केला" म्हणाले. केला नाही, यशराज.

त्या निळ्या रंगात ती आपली वाटायचीच नाही. कपाळ निळं, मुठी निळ्या. म्हणून मी रंग काढून टाकला. माझा पहिला ब्लॅक अँड व्हाइट तो. नाकातली नळी फार चमकत होती. पुसणं सोपं होतं, मी तर पोटासाठी तेच करते. पण ती नळी होती तोवर ती जगत होती, म्हणून पुसायला हात धजला नाही, नुसती जरा मंद केली. मग भोवतालचा अंधार. पेटीच्या कोपऱ्यात फार काळोख होता आणि त्या काळोखात तिला एकटी ठेवायची मला भीती वाटायची. रोज थोडी सावली उचलायची. रोज तोच फोटो. त्यात हाताला जे वळण लागलं, तेच पुढे तुझ्या हमालांना लागलं. लोकांना त्यात माया दिसली म्हणे. असेल.

गेल्या रविवारी आई अचानक आल्या. मी चहा टाकायला आत गेले आणि स्क्रीन तशीच उघडी राहिली. बाहेर आले तर गुडघा धरून उभ्याच होत्या.

"ही आपली चिमी का गं?"

आपण तर तिचं नावही ठेवलं नव्हतं. आईंनी मनातल्या मनात ठेवलं होतं. मी मान हलवली.

"आन् केसं आशी राखुंडी का केलीस?"

मला कळेना. टोपी सरकून कपाळावर आलेले ते थोडे केस, ते मी प्रत्यक्ष कधी नीट पाहिलेच नव्हते. मला तर व्हीलचेअरवरून काचेबाहेरूनच दाखवलेली.

"तू टाके पडून वॉर्डात, यशा औषधाला पळालेला," आई म्हणाल्या. "सिस्टरनं मला आत घेतलं. हात लावू दिला. काळीभोर केसं व्हती गं, दाट. यशासारखी. ह्यो रंग तिचा न्हाई."

मग खाली बसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी तिच्यासाठी एकत्र रडलो नव्हतो. चहा उकळून उकळून आटला.

त्या गेल्यावर मी केसांवरची सावली सोडून दिली. खाली, अगदी खालपर्यंत जाऊ दिली. आजवर मी कुठल्याच फोटोत एवढं काळं येऊ दिलेलं नाही. आणि केस काळे झाल्याबरोबर चेहरा पुढे आला. रुंद कपाळ, जुळत आलेल्या भुवया. तुझा चेहरा, यशराज. मला वाटत होतं मी तिला अंधारातून बाहेर काढतेय. मी तिला धुक्यात ठेवलं होतं.

म्हणून प्रीसेट पाठवत नाही. पाठवण्यासारखं काही नाही आणि मार्केटसारखं आता मलाही करता येईल की नाही, ठाऊक नाही. भट्टीवरचा जो फोटो तुला उघडवत नाही, तो उघड. त्याच्यासमोर बस. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

तिच्या फोटोच्या दोन प्रिंट काढल्यात. एक आईंनी नेली, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलीय. दुसरी तुझी. पोस्टाने पाठवणार नाही, ते पाकीट तू फोडणार नाहीस हे मला माहीत आहे. बघायची असेल तर इथे यावं लागेल. तू पुण्याला निघालास तेव्हा मी थांबवलं नाही, आताही बोलावत नाही. येशील असं धरूनही चालत नाही. आलास, तर मात्र तिच्याबद्दल बोलावं लागेल.

आईंना फोन कर.

तुझ्या मुलीची आई,
सुनयना